आधी बॅटरी, मग अवजार

जबलपूर येथे तण संशोधन संचालनालय आहे आणि जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयही आहे. त्यामुळे प्रशिक्षणाच्या निमित्ताने सौंसर-पांढुर्ण्याकडील संत्रा बागायतदार आणि विदर्भातील विस्तार कार्यकर्ते या शहरात अधूनमधून येत असतात. नागपूर व जबलपूर ही दोन्ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. तो राबता अजून पुरता तुटलेला नाही. दिवसभराचे वर्ग संपले की पाहुण्यांची पावले साहजिकच बडा फुहाऱ्याच्या जुन्या बाजारपेठेकडे वळतात. कापड, भांडी, दागिने यांच्या गर्दीतून वाट काढत एखादा बागायतदार अवजारांच्या दुकानापाशी थांबतो. दुपारच्या वर्गात त्याने गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी कापण्याचे महत्त्व ऐकलेले असते आणि आता समोर बॅटरीवर चालणारे गवत कापणी यंत्र, छाटणीची कात्री, छोटी साखळी करवत मांडलेली दिसते. एका खोक्यावर २१ व्होल्ट लिहिलेले असते, दुसऱ्यावर ४८ व्हीएफ, तिसऱ्यावर ९८ व्हीएफ. आकडा जितका मोठा तितके यंत्र दणकट, असा समज करून घेऊन तो किंमत विचारतो. असे दृश्य नागपूर, नाशिक, सांगली अशा कोणत्याही बाजारात दिसेल.

त्याने किंमत विचारली ती अवजाराची. सुट्या बॅटरीची किंमत मात्र त्याने विचारली नाही, आणि पुढील चार-पाच वर्षांचा त्याचा खर्च बहुतांशी तिच्यावरच ठरणार आहे.

बॅटरीच्या अवजारात मोटर, पाते आणि मूठ ही तुलनेने स्वस्त व टिकाऊ अंगे होत. महाग व अल्पायुषी अंग म्हणजे लिथियम-आयन पॅक. चांगल्या सेलचा पॅक काही शेकडो वेळा चार्ज होतो. त्याखेरीज वापर असो वा नसो, त्याचे वय वाढतच असते. शिवाय प्रत्येक कंपनीच्या पॅकची खाच, त्यातील संपर्क-पट्ट्या आणि संरक्षक मंडल निराळे असते. म्हणजे पहिले अवजार विकत घेताना शेतकरी नकळत एका घराण्यात प्रवेश करतो. पुढची कात्री, पुढची करवत, पुढचा ब्लोअर त्याच घराण्यातला घेतला तर तीच बॅटरी चालते. दुसरीकडचा घेतला तर नवी बॅटरी आणि नवा चार्जर आलाच. बॅटरी प्लॅटफॉर्म म्हणतात तो हाच. आपल्याकडील यांत्रिकीकरणाच्या चर्चेत या शब्दाला अद्याप जागा मिळालेली नाही, ही उणीव आहे.

खरे तर महाराष्ट्रातील शेतकऱ्याला एका बॅटरी प्लॅटफॉर्मचा उत्तम अनुभव आहे. फक्त त्याला तसे कोणी म्हटले नाही. पाठीवरच्या फवारणी पंपातील १२ व्होल्ट ८ अॅम्पिअरची शिसे-आम्ल बॅटरी पाहावी. पंप कोणत्याही कंपनीचा असो, बॅटरी मेली की तालुक्याच्या गावातील इलेक्ट्रिकच्या दुकानातून दुसरी आणता येते. माप ठरलेले, दोन पट्ट्या ठरलेल्या, तारा जोडल्या की पंप सुरू. पंप बनविणारी कंपनी बंद पडली तरी पंप भंगारात जात नाही. हा पंप गावोगाव पोहोचला त्यामागे अनुदानाचा वाटा आहेच, पण बॅटरी कुठेही मिळते या साध्या सोयीचा वाटाही थोडा नाही. बॅटरीवरील इतर अवजारांच्या बाबतीत नेमकी हीच सोय हरवली आहे. मजेची गोष्ट अशी की ऊर्जेच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारखीच: १२ व्होल्टला ८ अॅम्पिअर-तासांनी गुणले तर ९६ वॉट-तास, आणि १८ व्होल्ट ५ अॅम्पिअर-तासांचा लिथियम पॅक भरतो ९० वॉट-तास. पहिलीचे वजन दोन किलोंच्या वर, दुसरीचे अर्धा-पाऊण किलो. वजनातील हा फरक हातात धरायच्या अवजाराला फार मोलाचा आहे. त्याची किंमत मात्र शेतकरी एका कंपनीशी बांधला जाऊन मोजतो.

खोक्यावरच्या आकड्यांचाही उलगडा करायला हवा, कारण फसगतीचे मूळ तेथेच आहे. लिथियम-आयन सेलचे सरासरी दाबमान ३.६ व्होल्ट असते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ पर्यंत जाते. पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून १८, २० आणि २१ व्होल्ट अशी तीन निरनिराळी लेबले बहुधा एकाच प्रकारच्या पॅकवर असतात. एक नामांकित अमेरिकी कंपनी तर तोच पॅक युरोपात १८ व्होल्ट म्हणून आणि अमेरिकेत २० व्होल्ट म्हणून विकते. ३६ आणि ४० व्होल्टचे नातेही असेच, तेथे सेल दहा. ४८ व्हीएफ, ९८ व्हीएफ हे आकडे मात्र कोणत्याही मापात बसत नाहीत. असे खोके उघडले तर आत बहुधा तेच पाच सेलांचे पॅक निघतात. तेव्हा व्होल्टचा आकडा बाजूला ठेवून वॉट-तास पाहावेत. ते लिहिलेले नसतील तर सरासरी व्होल्ट आणि अॅम्पिअर-तास यांचा गुणाकार करावा. दोन्हीही लिहिलेले नसतील तर ती वस्तू घेऊ नये, इतके स्पष्ट सांगायला विस्तार कार्यकर्त्याने संकोच करण्याचे कारण नाही. लिथियम सेल व पॅकसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६०४६ हे मानक आहे. त्याची नोंदणी खूण पॅकवर आहे का, हेही तेथल्या तेथे पाहता येते.

आता निवडीचा मुख्य प्रश्न. घराणे निवडायचे ते कोणत्या कामावरून? अनेकजण सर्वांत आधी लागणाऱ्या अवजारावरून निवडतात. प्रत्यक्षात ते नियमित करावयाच्या कामांपैकी सर्वांत जड कामावरून ठरवायला हवे. द्राक्षाची किंवा संत्र्याची छाटणी हे बॅटरीचे हक्काचे काम आहे. कात्री क्षणभर जोर लावते आणि थांबते. ऊर्जा थोडी लागते, मनगट वाचते, आणि खिशात दुसरा पॅक असला तर दिवस निभावतो. सल काढताना लागणारी छोटी करवत त्याच १८ व्होल्टच्या घराण्यात आरामात बसते. गवत कापणीचे गणित मात्र वेगळे आहे. यंत्र सरासरी ६०० वॉट ओढते असे धरले तर ९० वॉट-तासांचे दोन पॅक मिळून अठरा मिनिटे चालतात. बांधावर, घराभोवती, ठिबकच्या नळीलगत तुटक तुटक काम असेल तर तेवढे पुरते. पाच एकर बागेतील कमरेएवढे गवत दिवसभर कापायचे असेल तर मुळीच पुरत नाही.

याची दुसरी बाजूही तपासावी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. छोटे इंजिन त्यातील बहुतेक उष्णतेत घालवते, तरी हाती उरणाऱ्या कामासाठी ९० वॉट-तासांचे वीसेक पॅक लागतील. वीस पॅक चार्ज करायला वीज लागेल जेमतेम दोन युनिट. खर्च विजेचा नाही, पॅकचा आहे. म्हणून सलग व जड कापणीसाठी पेट्रोलचे यंत्र आज तरी योग्य आहे, हे बॅटरीच्या समर्थकांनीही मान्य करावे. त्याचबरोबर पेट्रोल यंत्राचा दोरा ओढणे, तेल मिसळणे, कार्ब्युरेटर साफ करणे यांमुळे ज्या घरांत स्त्रिया आणि वयस्क माणसे त्या यंत्राला हात लावत नाहीत, तेथे खटका दाबताच सुरू होणारे हलके यंत्र कामाची वाटणीच बदलून टाकते. हा लाभ वॉट-तासांत मोजता येत नाही. सरकारी लाभ-खर्चाच्या तक्त्यात त्याला रकानाही नाही.

एकाच कंपनीत राहिले की प्रश्न मिटला, असेही नाही. माकिटाची १८ व्होल्टची मालिका २००५ पासून चालू आहे. त्याच कंपनीने २०१९ मध्ये ४० व्होल्टची निराळी मालिका आणली आणि जुना पॅक नव्या अवजारात बसत नाही. श्टिलच्या दोन मालिका ३६ व्होल्टच्याच आहेत, एक घरगुती वापराची व एक व्यावसायिक, पण घरगुती मालिकेचा पॅक व्यावसायिक यंत्राला चालत नाही. बॉशचे हिरवे आणि निळे १८ व्होल्ट पॅकही परस्परांत बदलता येत नाहीत. युरोपात यावर तोडगा म्हणून कंपन्यांच्या आघाड्या झाल्या. जर्मनीच्या मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये अशी एक आघाडी उभी राहिली, बॉशभोवती आणखी दोन. परंतु एका आघाडीचा पॅक दुसऱ्या आघाडीत चालत नाही. घराणी कमी झाली, भिंती राहिल्या.

आपल्या बाजारात तोडगा वेगळ्याच वाटेने निघाला आहे. माकिटाच्या १८ व्होल्ट पॅकच्या खाचेची नक्कल करणारी कितीतरी स्वस्त अवजारे आज मिळतात, आणि त्यांचे पॅक एकमेकांत बसतात. कोणी न ठरवता एक सामाईक माप रुळले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय खरी आहे. तिची टवाळी करू नये. पण खाच जुळली म्हणजे संरक्षण जुळले असे होत नाही. पॅक फार तापला किंवा एखादा सेल फार रिता झाला तर यंत्र थांबविण्याचे काम काही रचनांत पॅक करतो, काहींत अवजार करते. एकाचा पॅक दुसऱ्याच्या अवजारात घातला की ही जबाबदारी कोणाचीच उरत नाही. असा पॅक लावायचाच असेल तर चार्जिंग उघड्यावर, माणसांच्या नजरेसमोर करावे. रात्रभर गोठ्यात किंवा कडब्याशेजारी लावून ठेवू नये.

उन्हाचा मुद्दा परदेशी पुस्तिकांत एका ओळीत उरकलेला असतो, आपल्याकडे त्याला अधिक जागा द्यावी लागते. लिथियम-आयन सेल साधारणपणे शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करावेत, असा दंडक आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४५ पर्यंत जाते. पत्र्याच्या खोलीत, नुकत्याच वापरलेल्या गरम पॅकची काय कथा! चांगला चार्जर अशा वेळी चार्जिंग नाकारतो आणि शेतकरी ते बिघडले म्हणून दुकानात नेतो. हलका चार्जर काहीच न बोलता चार्ज करतो आणि पॅकचे आयुष्य खातो. दुसरा घात हंगाम संपल्यावर होतो. छाटणी आटोपली की रिकामा पॅक फडताळात जातो, सहा महिन्यांनी काढला की चार्जर त्याला ओळखत नाही. निम्मा भरून, थंड जागी ठेवलेला पॅक पुढच्या हंगामात कामाला येतो. शेतावरची वीज पाळ्यांनी येते हीही अडचण आहे. मात्र सौर कृषिपंप असलेल्यांना एक वाट उपलब्ध आहे. पंप बंद असताना पॅनेलची वीज बॅटरी चार्जिंग, कडबाकुट्टी यांसारख्या कामांना वापरू देणारा सार्वत्रिक नियंत्रक केंद्राच्या सौरपंप मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट आहे. नवा पंप घेताना त्याची चौकशी करावी.

या सर्वाचा भार एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणावर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजार बँका व भाडेतत्त्वावरील सेवा केंद्रे उभी राहिली. शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे यांचीही खरेदी होत असते. तिच्या निविदांत मोटरचे वॉट, पात्याचा व्यास, यंत्राचे वजन बारकाईने लिहिले जाते. बॅटरीबाबत ‘लिथियम-आयन, चार्जरसह’ एवढेच. मग एका वर्षी एक कंपनी, दुसऱ्या वर्षी दुसरी, आणि केंद्राच्या मांडणीवर तीन प्रकारचे चार्जर व एकही न चालणारा पॅक अशी अवस्था होते. निविदेत चार गोष्टींची भर घालायला पैसा लागत नाही: पॅकचे वॉट-तास, सुट्या पॅकची हमी दिलेली किंमत, किमान पाच वर्षे तो मिळेल याचे लेखी वचन, आणि केंद्रात आधीपासून असलेल्या पॅकशी सुसंगती. अनुदानास पात्र यंत्रांची तपासणी बुदनीसारख्या केंद्रांत होते. तेथील अहवालात एका चार्जवर प्रत्यक्ष किती काम झाले, तेही ४० अंशांच्या उन्हात, ही नोंद आली तर खोक्यावरील आकड्यांची मिरास आपोआप संपेल. वापरलेले पॅक परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेलीच आहे. ते कुठे परत द्यायचे, हे पावतीवर छापून घ्यावे.

त्यापुढचे पाऊल सामाईक खाचेचे आहे. मोबाईल चार्जरच्या बाबतीत मानक ब्युरोने २०२३ मध्ये टाइप-सी चे मानक प्रसिद्ध केले, तेव्हा ते अशक्य आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. शेती अवजारांसाठी १८ आणि ३६ व्होल्टच्या दोन खाचा ठरविणे त्याहून अवघड नाही. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि राज्यातील कृषी विद्यापीठे यांनी मसुदा तयार केला तर कंपन्यांना त्यावर बोलावे लागेल. अनुदान त्या खाचेशी जोडले तर बोलणे लांबणारही नाही.

तोवर बडा फुहाऱ्याच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या बागायतदाराने खोका बाजूला ठेवून सुट्या पॅकची किंमत विचारावी, तो आज दुकानात शिल्लक आहे का ते पाहावे, आणि घरी असलेल्या कात्रीचा पॅक पिशवीत आणला असेल तर तो नव्या यंत्रात बसवून, खटका दाबून, पाते फिरते का ते दुकानदारासमोरच पाहून घ्यावे.