इटलीस जाण्यापूर्वी

बंगळूरच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे : मुलगा पेरुजा येथील परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात जात आहे, आधी काय वाचावे?

मायकेल अँजेलो तो तेथे पाहीलच. मॅझिनीही मराठी घरांस परका नाही. सावरकरांचा १९०७ मधील अनुवाद इंग्रज सरकारने जप्त केला होता. परंतु १८६१ मध्ये एक झालेला तोच देश १९२२ साली मुसोलिनीच्या हाती कसा गेला, हे त्याने अवश्य वाचावे. त्याचा एक धागा आपल्याच गावात आहे, ताई! दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक बंगळूरच्या छावण्यांत बंदिवान होते. आपणही तेव्हा पारतंत्र्यातच होतो. २ जून १९४६ रोजी इटलीने राजेशाही टाकून प्रजासत्ताक निवडले. तेथील स्त्रियांचे ते पहिलेच राष्ट्रव्यापी मतदान. एखाद्या घरी पणजोबांच्या पत्रांत बंगळूरचे नाव निघाले, तर मुलाने नवल मानू नये.