टँक बॅगच्या आधी टाकीचे तोंड

मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीवर बसणारी पिशवी, म्हणजेच टँक बॅग, ही केवळ लडाखच्या सफरीला निघणाऱ्या हौशी स्वारांची गरज नाही. सोलापुरातून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी रोजची फिरती करणारे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, जमिनीची मोजणी करणारे, विम्याची कागदपत्रे गोळा करणारे अशा सर्वांनाच कागद, पाणी आणि रेनकोट डोळ्यांसमोर ठेवणारी ही सोय उपयोगाची आहे. मात्र ग्राहक दुकानात आला की चर्चा पिशवीचे लिटर, कप्पे आणि रंग यांवर रंगते, आणि ती पिशवी ज्यावर बसायची त्या टाकीकडे कोणी पाहत नाही. ही निवड टाकीच्या तोंडापासून सुरू झाली पाहिजे, आणि ती जबाबदारी फिटरची आहे.

पिशवी टाकीवर धरून ठेवण्याच्या रूढ पद्धती तीन आहेत. पट्ट्यांची पद्धत जवळजवळ कोणत्याही गाडीला चालते, पण पंपावर प्रत्येक वेळी बकले सोडावी लागतात. चुंबकाची पद्धत झटपट असली तरी तिला लोखंडी पत्र्याचीच टाकी लागते, आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत टाकीवर प्लास्टिकचे आवरण असल्याने ती तेथे निरुपयोगी ठरते. सोलापूर परिसरात तिची आणखी एक अडचण आहे. येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे, बारीक कण असतात. पिशवी क्षणभर जमिनीवर टेकली तरी चुंबकाच्या पाकिटावर काळ्या कणांची मिशी उगवते, आणि तीच पुढे टाकीच्या रंगावर पॉलिश पेपरसारखी फिरते.

तिसरी पद्धत रिंगची. टाकीच्या झाकणाभोवतीचे स्क्रू काढून तेथे एक कडे बसवतात, पिशवीच्या तळाशी त्या कड्यात अडकणारी खटकी असते आणि दोरी ओढताच पिशवी एका हाताने सुटते. जर्मनीच्या एसडब्ल्यू-मोटेक आणि इटलीच्या जीवी या कंपन्यांच्या रिंगा प्रसिद्ध आहेत, पण एकीची रिंग दुसरीच्या पिशवीला चालत नाही, शिवाय गाडीगणिक रिंगही बदलते. ज्या टाकीचे झाकण फिरवून पूर्ण वेगळे निघते, तिला सहसा स्क्रूंचे वर्तुळच नसते. अशा गाडीसाठी पट्ट्यांचीच पिशवी सुचवणे हा प्रामाणिक सल्ला होय.

रिंग बसवण्याच्या कामात घाई सर्वांत महाग पडते. झाकणाभोवती दिसणाऱ्या स्क्रूंपैकी काही निव्वळ शोभेचे असतात. खरे कोणते हे आधी ओळखावे. स्क्रू काढताना टाकीच्या तोंडात स्वच्छ फडके धरावे, कारण आत पडलेला एक स्क्रू पूर्ण टाकी उतरवायला लावतो. नवा स्क्रू मूळ स्क्रूपेक्षा रिंगच्या जाडीइतकाच लांब असावा आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत, म्हणजे खालचे रबर सर्वत्र सारखे दाबले जाते.

झाकणाजवळ एक लहानसे छिद्र असते. तेथे साचणारे पावसाचे पाणी त्यातून रबरी नळीवाटे गाडीखाली जाते. हे छिद्र धुळीने बुजले, किंवा वेडीवाकडी बसवलेली रिंग त्यावर आली, तर पाणी टाकीत उतरू शकते. पूर्वी असे थोडे पाणी बहुधा खपून जाई, पण आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून विलग होतात व टाकीच्या तळाशी थर धरतात. इंजेक्शनच्या गाडीत पंप तळातूनच इंधन ओढत असल्याने इंजिन गचके देऊ लागते, आणि मिस्त्री प्लग व इंजेक्टर तपासत बसतो. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याचा हा गुणधर्मही गॅरेजमध्ये तितकाच परिचित असायला हवा.

पिशवीच्या आकाराबाबत एकच कसोटी पुरेशी आहे. ती पूर्ण भरून हँडल दोन्ही टोकांना वळवावे. हॉर्नचे बटण दाबले जात असेल किंवा हात अडत असेल तर पिशवी मोठी आहे. समोरून धडक बसल्यास स्वाराचे ओटीपोट टाकीकडे फेकले जाते, म्हणून पाने, पकडी अशी कठीण वस्तू तिच्यात ठेवू नये, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 40 अंशांपलीकडे जात असताना पारदर्शक कप्प्यातला मोबाइल तापून बंद पडतो आणि इन्सुलिनसारखी औषधे खराब होतात, हेही सांगावे. पावसाळी आवरण हरवले तर गणवेश शिवणाऱ्या या शहरात ते बेतून मिळेल, पण खटकी आणि रिंग मात्र मूळ कंपनीचीच घ्यावी.

सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये असतो आणि पाठोपाठ नवरात्रात तुळजापूरची वर्दळ सुरू होते. त्याआधी रिंग बसवण्यास येणाऱ्या प्रत्येक गाडीचे झाकण उघडून सिरिंजने त्या छिद्रात थोडे पाणी सोडावे, रिंग बसवल्यावर पुन्हा सोडावे, आणि ते नळीतून जमिनीवर टपकल्याचे पाहिल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये.