फोन आपला, सत्ता कोणाची?

विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाची मालकी असते, असे आपण गृहीत धरतो. स्मार्टफोनच्या बाबतीत हे गृहीतक फारसे टिकत नाही. फोनची किंमत आपण मोजतो. परंतु त्याचा कारभार चालविणारी ऑपरेटिंग सिस्टिम कोणती असावी, हे बहुधा दुसरेच ठरवितात. भारतातील बहुसंख्य फोन गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात. या प्रणालीच्या संदर्भात बाजारपेठेतील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही निर्देश रद्द केले. दंड मात्र कायम ठेवला.

पर्याय नाहीत असे नव्हे. अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड खुला असल्याने त्यातून लिनिएजओएस, ग्राफीनओएस यांसारख्या स्वतंत्र प्रणाली निर्माण झाल्या. ग्राफीनओएसमध्ये एखाद्या ॲपला इंटरनेटच नाकारता येते. गूगलच्या सेवा घेतल्या, तरी त्यांना इतर ॲपहून अधिक अधिकार मिळत नाहीत.

मग अडते कोठे? बँकांची व इतर कित्येक ॲप सुरू होताना फोन प्रमाणित आहे काय, याची विचारणा गूगलच्याच सेवेकडे करतात. उत्तर नकारार्थी आले की व्यवहार खुंटतो. ज्याच्यापासून सुटका हवी, त्याचाच दाखला आणावा लागतो!

फसवणुकीच्या या काळात बँकांनी खबरदारी घेणे रास्तच आहे. परंतु प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे. सुरक्षा-सुधारणा बंद झालेला जुना फोन पुष्कळदा केवळ प्रमाणित म्हणून चालून जातो, आणि अद्ययावत ग्राफीनओएस अडविली जाते. वस्तुतः फोनमधील प्रणाली अस्सल आहे की नाही, हे हार्डवेअरच्या आधारे बँकेला स्वतः पडताळता यावे, अशी सोय अँड्रॉइडमध्येच आहे. ती वापरणे बँकांना बंधनकारक करावे आणि शासकीय सेवांनाही तोच नियम लावावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा हक्क बजावू पाहणाऱ्या नागरिकाला स्वतःच्या बँक खात्याचे दार बंद होत असेल, तर तो हक्क कागदावरच राहील. रिझर्व्ह बँकेने या प्रश्नात लक्ष घालणे अगत्याचे आहे.