ओटीपी बघून आलो, तर फॉर्म कोरा

मोबाइलवर अर्ज भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आल्यावर फॉर्म कोरा दिसला, तर फोनला किंवा स्वतःला बोल लावू नका. चूक ॲप बनवणाऱ्याची असते. मी हिंजवडीत ॲप तपासण्याचंच काम करते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

अँड्रॉइडवर प्रत्येक स्क्रीनचं एक आयुष्य असतं. ती तयार होते, दिसते, दुसरं काही उघडलं की मागे जाते, आणि मेमरी कमी पडली की सिस्टिम मागचं ॲप सरळ बंद करून टाकते. मात्र स्क्रीन मागे जाताना ‘जपायचं ते लिहून ठेव’ अशी संधी देते. टाइप केलेलं नाव-गाव बहुतेकदा आपोआप जपलं जातं. निवडलेला तालुका, काढलेला फोटो, आपण तिसऱ्या पानावर होतो ही नोंद, हे प्रोग्रामरने जपायचं.

2011 मध्ये फ्रॅगमेंट आले, म्हणजे एकाच स्क्रीनचे तुकडे आणि प्रत्येकाचं आयुष्य निराळं. गुंता वाढला. 2017 मध्ये गूगलने व्ह्यूमॉडेल आणलं, म्हणजे स्क्रीनची माहिती ठेवायची वेगळी जागा. फोन आडवा केल्यावर स्क्रीन नव्याने बनली तरी त्यातली माहिती टिकते, पण सिस्टिमने ॲपच बंद केलं तर तीही जाते. हे भल्याभल्यांच्या गळी उतरत नाही. मी बग नोंदवला की प्रोग्रामरचं उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, व्ह्यूमॉडेल घातलंय. माझ्या फोनवर चालतंय.’ चालणारच! त्याच्या फोनला 12 जीबी रॅम, माझ्या टेबलावरच्या कोपरा तडकलेल्या फोनला 3.

आपल्याकडे हे जास्त जाचतं, कारण ॲपबाहेर गेल्याशिवाय आपला अर्ज पुराच होत नाही. ओटीपीसाठी मेसेज, पैशांसाठी यूपीआय, फोटोसाठी कॅमेरा, आणि कॅमेरा तर मेमरी खाण्यात पटाईत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यातला शेतकरी ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे आपल्या पिकाची सरकारी नोंद करायला, शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढू लागला. तो प्रकल्प पुण्यातल्याच जमाबंदी आयुक्त कार्यालयाचा. अशा कामात कॅमेऱ्यातून परत येण्याची वाट शाबूत असणं हेच निम्मं काम. नाहीतर जेवणाच्या सुट्टीवरून आलेल्या कारकुनाने ‘आता नवीन फॉर्म आणा’ म्हणावं, तशी गत.

मागे जायच्या बटणाचीही तीच तऱ्हा, तेही प्रोग्रामरनेच सांभाळायचं. पैसे भरून झाल्यावर मागे दाबलं, तर पुन्हा पैसे भरायचं पान येता कामा नये; ते वाटेतून काढून टाकायचं असतं. माझी आई वीजबिल भरून झालं की फोन उपडा ठेवते. ‘मागे गेले आणि परत पैसे कापले तर गं?’ तिची भीती अडाणीपणाची मुळीच नाही.

सरकारी कचेऱ्या, महापालिका, बँका ॲप बाहेरून करून घेतात. त्यांनी निविदेत एक अट घालावी. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचं बटण असतं. ते चालू केलं की स्क्रीन सोडताक्षणी सिस्टिम ती मोडून टाकते. स्वस्तातला फोन घ्यायचा, बटण चालू करायचं, आणि साहेबांनी स्वतः अर्ज भरायचा, ओटीपी, फोटो, पैसे सगळ्यासकट. परत आल्यावर फॉर्म कोरा दिसला, तर कंत्राटदाराचं बिल थांबवायचं. मुदत वाढवून मागतील, खुशाल द्यावी.