मावशी म्हणा, पण मजुरीचं बोला



शहरातल्या वस्त्यांमधल्या आपल्या बैठकींना हल्ली एक-दोघी तरी ‘पेशंटच्या कामाला’ जाणाऱ्या असतात. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आजोबा, स्मृतिभ्रंश झालेली आजी यांच्याजवळ बारा तास, काही ठिकाणी चोवीस तास. अंग पुसणं, कूस बदलणं, नळीतून अन्न देणं, रात्री दर हाकेला उठणं. काहीजणी नर्सिंग शिकलेल्या, बऱ्याचजणी काम करता करताच तयार झालेल्या. घरचे त्यांना ‘मावशी’ नाहीतर ‘सिस्टर’ म्हणतात. दोन्ही शब्द मला गोडच वाटतात. पण पगाराचा, सुट्टीचा विषय निघाला की नातं संपतं, आणि कामगाराचा हक्क काही सुरू होत नाही.

यातल्या पुष्कळजणी ब्युरोमार्फत जातात. ब्युरो घरच्यांकडून पैसे घेतो, आपला वाटा कापतो, उरलेले बाईच्या हातावर ठेवतो. घरच्यांनी किती दिले, हे तिला अनेकदा ठाऊकही नसतं. नेमणूकपत्र नाही, पगारी सुट्टी नाही. पेशंटला उचलताना पाठ धरली तर औषध स्वतःच्या पैशाने. पेशंट वारला की त्याच दिवशी काम संपलं. जाब विचारला तर ब्युरो म्हणतो, ‘आम्ही फक्त काम मिळवून देतो.’ घरचे म्हणतात, ‘आम्ही ब्युरोला पैसे मोजले.’ मग हिचा मालक कोण? माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे.

ही गाठ आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत १९७४ साली किमान वेतनाचा कायदा घरकामगारांना लागू झाला, पण म्हाताऱ्या-आजारी माणसांना ‘सोबत’ करणाऱ्यांना त्यातून वगळलं. न्यूयॉर्कमध्ये हे काम वर्षानुवर्षं केलेल्या इव्हलिन कोक जादा तासांच्या पैशांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि २००७ साली हरल्या. एजन्सीमार्फत जाणाऱ्यांना संरक्षण देणारा नियम २०१३ मध्ये झाला, २०१५ मध्ये अमलात आला, आणि २०२५ मध्ये तो मागे घेण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने मांडला. ‘सोबत’ या एका शब्दाने चाळीस वर्षं बायकांचे जादा तास गिळले.

आपल्याकडे तो शब्द आहे ‘घरगुती सेवा’. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून ती वगळली आहे. तरी एक वाट उघडी आहे. वेतन संहितेत ठेकेदारही ‘मालक’ या व्याख्येत येतो. बाई कुठे जाणार, किती तास थांबणार, तिच्या हाती किती पडणार, हे ब्युरोच ठरवतो. मग मालक म्हणून त्यालाच उभं करण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घर हीसुद्धा कामाची जागा आहे, हे प्रत्येकीला पहिल्याच बैठकीत सांगायला हवं.

एक अडचण मात्र टाळून चालणार नाही. पैसे मोजणारं घरही पुष्कळदा बेताचंच असतं. तिथे मजुरी वाढली की ब्युरोची बाई जाते आणि सुनेची नाहीतर मुलीची नोकरी सुटते. म्हणजे एका बाईचं ओझं दुसरीच्या पाठीवर. आजाऱ्याची शुश्रूषा ही घराची खाजगी बाब मानून सरकार नामानिराळं राहतं, तोवर हे असंच चालणार. म्हणून ब्युरोकडे मजुरी मागताना सरकारकडे सार्वजनिक गृहशुश्रूषेची मागणीही आपण सोबतच लावून धरू.

सुरुवात साधी आहे. आपापल्या भागातल्या अशा बायांना एकत्र बोलवा. एका वहीत तीन रकाने करा : कामाचे तास, घराने दिलेले पैसे, तिच्या हाती पडलेले पैसे. नावं लिहू नका, रोजगार जाण्याची भीती खरी आहे. ती माहिती आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात मांडू. कामगार आयुक्तांकडे जाताना आपल्या हातात ती वही असली पाहिजे.