घरबसल्या वकिलीचा कागद



२०२५ सालचा पाऊस ओसरत आला असताना माथेरानला एका आप्ताच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. दस्तुरी नाक्यावर टॅक्सी सोडली आणि तांबड्या मातीच्या वाटेने अडीच-तीन किलोमीटर चालत बाजार गाठला. गुडघे दुखत होते, पण हातरिक्षात बसायला मन धजावले नाही. त्या रिक्षा ओढणाऱ्यांपैकीच एकाच्या घरी मी जेवायला चाललो होतो.

जेवणे आटोपली आणि घरची बाई एक रंगीत कागद घेऊन पुढे आली. म्हणाली, "काका, तुम्ही पेपरात लिहिता. एवढं वाचून सांगा. पोरगा म्हणतो, घरबसल्या वकील होता येतं."

कागदावर लिहिले होते: एलएल.बी. पदवी, तीन वर्षे, संपूर्ण ऑनलाईन, नोकरी सांभाळून, हप्त्यांची सोय. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण असे कागद वाटणारे एक नव्हेत, अनेक आहेत. आगाऊ १५ हजार भरायचे होते. बाईंनी महिला बचत गटातून कर्ज मंजूर करून घेतले होते.

मी विचारले, "पैसे भरले नाहीत ना अजून?"

"सोमवारी भरायचे."

तो दिवस शनिवार होता. मी तिथेच बसकण मारली आणि मुलाला बोलावून घेतले.

मुलगा चोवीस वर्षांचा. दहावी-बारावी शाळेतून केलेली. पुढे एका हॉटेलात कामाला लागून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाला, ४७ टक्के मिळाले. आई बंगल्यांवर स्वयंपाक करते. वडील हातरिक्षा ओढतात. चढणीला एक माणूस पुढून ओढतो आणि मागून ढकलायला आणखी माणूस लागतो. हा मुलगाही शाळेत असताना सुट्टीत मागून ढकलत असे.

वकिलीचे वेड त्याला कुठून लागले, ते सांगायला हवे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षांबाबत आदेश दिला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने म्हटले की, स्वातंत्र्याला ७८ वर्षे आणि संविधानाला ७५ वर्षे झाल्यावरही माणसाने माणसाला ओढावे, हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. ही पद्धत सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करा, आणि पैसा नाही ही सबब सांगू नका, असेही बजावले. खरे हातरिक्षावाले कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ठरवायचे होते. दादासाहेब गवई यांचे चिरंजीव त्या आसनावर बसले होते, ही गोष्ट आमच्या घराघरांत बोलली गेली. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले.

मुलाच्या वडिलांनी तो निकाल मोबाईलवर तीनदा ऐकला होता. ते मला म्हणाले, "निकाल आमच्या बाजूचा, हे कळलं. पण यादीत माझं नाव येणार का, कुठला कागद लावायचा, कुणाला विचारायचं? आपल्यातला एक वकील असता, तर त्याच्या वट्यावर जाऊन बसलो असतो."

हे ऐकले आणि मुलाची घाई मला समजली. पण घाईत धरलेली वाट चुकीची होती.

आता नियम सांगतो. आपल्या देशात वकिलीची सनद बार कौन्सिलकडून मिळते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे एलएल.बी. हा कॉलेजात जाऊन शिकण्याचा अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा. पत्रद्वारे, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. त्याच नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी धरली आहे आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवायचे आहेत. कचेरी सुटल्यावर रात्रीच्या वर्गाला बसून वकील झालेले आमच्या मागच्या पिढीतले कारकून तुम्ही पाहिले असतील. ती सोय आता राहिली नाही. "फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही बघतो" असे कुणी सांगितले तर तिथून उठा. खोट्या हजेरीवर घेतलेली पदवी पुढे कुठे अडकेल याचा भरवसा नसतो.

जगात सगळीकडे असेच आहे असे नाही. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरून परीक्षा घेऊन पदवी देते. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असताना पत्रद्वारे अभ्यास केला आणि १९८९ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एलएल.बी. मिळवली. पण त्या देशांचे नियम इथल्या कोर्टात चालत नाहीत, आणि रंगीत कागदावर हे बारीक अक्षरांतही छापलेले नसते.

माझे स्वतःचे सांगतो. १९८८ साली कारखान्यात कामाला असताना मीही लॉ कॉलेजात नाव घातले होते. दुसऱ्या वर्षी पाळी बदलली, रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसलो की डोळे मिटायचे. हजेरी बुडाली आणि कॉलेज सुटले. फी भरायला पैसे होते, वेळ नव्हता. म्हणून मी मुलाला पहिला प्रश्न पैशाचा केलाच नाही. विचारले, "सोमवार ते शुक्रवार तुझे कोण सोडेल?"

तो गप्प झाला. मग आम्ही तिघे-चौघे हिशेबाला बसलो.

माथेरानहून रोज ये-जा करणे अशक्यच. दस्तुरीपर्यंत चालणे, तिथून नेरळपर्यंत टॅक्सी, मग लोकल. जाण्यातच दोन-सव्वादोन तास मोडतात. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत जवळपास कायद्याची कॉलेजे आहेत. उल्हासनगरला नारी गुरसहानी लॉ कॉलेज, नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर लॉ कॉलेज, ठाण्याला टीएमसी लॉ कॉलेज, अलिबागला अ‍ॅड. दत्ता पाटील लॉ कॉलेज. मुंबईत फोर्टला आनंद भवनात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ पासून आहे. नेरळच्या माणसाला उल्हासनगर सोयीचे, एकाच मार्गावर लोकलने पाऊण तास धरा. मुलाची मावशी वांगणीला राहते, ती तर वाटेवरच.

आणि मग मुलाची आईच बोलली, "अहो, पण माथेरानला गर्दी असते ती शनिवार-रविवार!" मला हे सुचले नव्हते. वांगणीला पाच दिवस राहून कॉलेज करायचे, शुक्रवारी रात्री वर यायचे, दोन दिवस हॉटेलात काम करायचे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याचा हंगाम पूर्ण वेळ. पगार निम्म्याच्या खाली येईल, पण अगदी बंद होणार नाही. मालक ऐकेल का, हा प्रश्न उरला.

पैशाचे आता थोडक्यात. नियमित प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. तिची जाहिरात साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते. प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या वर्गास पदवीला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जातीला ४० टक्के. वयाची कमाल मर्यादा नाही, तेव्हा चाळिशीच्या वाचकांनीही कान टवकारावेत. अनुदानित कॉलेजची फी विनाअनुदानितपेक्षा बरीच कमी असते, म्हणून पसंतीक्रम भरताना ती आधी लिहावीत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्यावर गेले तरी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांची तयारी आताच करा. जातवैधतेला वेळ लागतो आणि तेवढ्यासाठी आमच्या मुलांच्या जागा जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शेवटचा खर्च सनदेचा. बाबासाहेब १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्याआधी पैसे साठवण्यासाठी त्यांनी १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली होती. आणि तरीही १९२३ साली मुंबईला वकिली सुरू करताना सनदेपुरतेही पैसे त्यांच्याजवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण भागवली. आपल्या काळातही राज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीला हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ मध्ये लिहिले आहे त्याहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे सांगितले. म्हणजे खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क वेगळे. मी आकडा सांगितला तेव्हा मुलाच्या वडिलांनी पुन्हा विचारले, "किती?" १२५. नंतर ऑल इंडिया बार परीक्षा असते, ती मराठीतूनही देता येते. सनद घेतल्यावर मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवता येत नाही, हेही आजच ध्यानात असू द्या.

मग ऑनलाईन शिक्षण अगदीच निरुपयोगी काय? तसे नाही. हा मुलगा बी.ए. झाला तो मुक्त विद्यापीठातूनच, आणि ती पदवी सीईटीला चालते. इथे मात्र एक खड्डा आहे. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाने कायद्याला प्रवेश मिळत नाही. खालापूर तालुक्यातली माझी एक भाची नववीत शाळा सोडून, पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठाची बी.ए. झाली. तिला हे मी सांगितले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणून ज्यांची मुले-मुली शाळा अर्धवट सोडून कामाला लागली आहेत, त्यांनी पदवीच्या आधी दहावी-बारावी पुरी करून घ्यावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून कामावर राहून ती करता येते.

अभ्यासासाठी इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायदे फुकट वाचायला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरेही मिळतात. जुनी पुस्तके मात्र जपून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. रद्दीच्या भावात मिळणारे दंड संहितेचे पुस्तक मुलाच्या टेबलावर होतेच. मी ते बाजूला ठेवायला लावले.

राहिला वडिलांचा प्रश्न. मुलगा वकील होईल तो चार-साडेचार वर्षांनी. यादी तोवर थांबायची नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने आपण बौद्ध अनुसूचित जातीत आहोतच. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. जातीचा दाखला आणि रिक्षाचे जे काही कागद असतील ते घेऊन कर्जतला जा, असे मी त्यांना सांगितले. याच व्यवस्थेत पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणजे विधी स्वयंसेवक घेतले जातात. बचत गटाच्या बाया, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी यांना प्रशिक्षण देऊन वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरणे, त्यांना वकिलापर्यंत नेणे ही कामे दिली जातात. भाचीला मी हीच वाट सांगितली. आता ती पुन्हा बोलते.

रात्री मुलाने तो रंगीत कागद पुन्हा एकदा हातात घेतला आणि विचारले, "काका, ह्यांची डिग्री खोटी म्हणायची का?" मी म्हणालो, "खोटी-खरी ते देणाऱ्यांना ठाऊक. तू त्यांना फोन लावून एवढेच विचार, ह्या पदवीवर महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिल सनद देते का? आणि उत्तर लेखी माग." त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आधी "हो सर" म्हटले. लेखी मागितल्यावर "वरिष्ठांशी बोलून कळवते" म्हणाल्या. त्यांचा फोन आला नाही.

बचत गटाचे १५ हजार सोमवारी परत भरले गेले. परवा मुलाचा निरोप आला. दोन कॉलेजांत जाऊन वर्गाच्या वेळा विचारून आला, जातवैधतेचा अर्ज भरला, मावशी राहायला ठेवून घ्यायला तयार आहे. वडील कर्जतला एकदा जाऊन आले, पुन्हा बोलावले आहे. हॉटेलच्या मालकाशी शनिवार-रविवारचे बोलणे मात्र अजून व्हायचे आहे.