काळ्या टोमॅटोचं बी

काळा टोमॅटो म्हणतात तो खरा काळा नसतोच. टोमॅटो पिकताना हरितद्रव्य नाहीसं होतं आणि लायकोपीनचा लाल रंग उरतो. या वाणांत मात्र एका जनुकातल्या बदलामुळे हरितद्रव्य पिकल्यावरही टिकतं. लाल आणि हिरवा मिसळले की गर तपकिरी दिसतो. वरची साल पारदर्शक असेल तर फळ जांभळट, पिवळी असेल तर चॉकलेटी.

माझा जीव जडला तो 'चेरोकी पर्पल'वर. अमेरिकेतल्या टेनेसीहून १९९०मध्ये क्रेग लेहुलियर या हौशी बागकाराला टपालानं थोडं बी आलं. सोबत हकिकत होती, की शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी लोकांनी ते शेजाऱ्यांना दिलं होतं. वाणाला नावसुद्धा नव्हतं. ते लेहुलियर यांनी दिलं, आणि बी इतरांपर्यंत पोचवलं.

क्रिमियाचा 'ब्लॅक क्रिम'ही छान. त्याच्या आंबटगोडात मला किंचित खारट चव लागते. 'इंडिगो रोझ' या दोघांहून काळा, पण तो २०१२मध्ये ओरेगॉनच्या विद्यापीठानं दिलेला नवा वाण. त्याचा काळेपणा सालीपुरता, तोही ऊन लागेल तिथेच. आत फळ लालच. निव्वळ रंग पाहून निवड करू नये, असं मी आग्रहानं सांगते.

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो लांब जायचा तर साल जाड हवी. चेरोकी आणि क्रिमची साल पातळ, फळ पटकन तडकतं. म्हणून ते घरीच लावायचे. आपल्याकडे रोपं दसऱ्याच्या सुमारास लावावीत, म्हणजे फळधारणा थंडीत होते; रात्री गरम असल्या की फुलं गळतात. वेल उंच जातो, मजबूत काठी द्या. पाणी नियमित द्या, एकदम भरमसाट नको. देठाजवळचा हिरवेपणा जाण्याची वाट पाहू नका, तो बऱ्याचदा जातच नाही. खालची बाजू बोटाला मऊ लागली की तोडा.

आणि हे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. सर्वांत निरोगी झाडाचं एक फळ बियांसाठी राखा. गरासकट बिया दोन-तीन दिवस आंबू द्या, भोवतीचा बुळबुळीतपणा सुटला की धुऊन सावलीत वाळवा. पाकिटावर वाणाचं नाव आणि साल लिहा. निम्मं बी दुसऱ्या कुणाला तरी द्याच. एका घरातलं बी एका दमट पावसाळ्यातही वाया जाऊ शकतं.